रफिकच्या नळीचं वळण

सोमवार, दिवेलागण

आमच्या दगडूनं झाडं कापायच्या मशीनला समोरच्या रफिककडून नवा सायलेन्सर करून घेतला. जोर वाढावा म्हणून मागं मीच करून दिलता की! माझ्या सायलेन्सरनं आवाज तेवढा लई वाढला, जोर न्हाई. आज रफिकचा बसवला अन् बाभळीचं खोड काकडीवाणी कापलं. सगळे वाहवा करत होते. मीबी हसलो. काय करणार?

पण त्या सायलेन्सरच्या नळीचं वळण! माझी नळी वाकवताना वळणावरच चपटी झालती, धूर तिथंच कोंडायचा. त्याची गोल कशी राहिली? गर्दी पांगल्यावर हळूच वळणावरून बोट फिरवलं. मशीन नुकतीच बंद झालेली, एवढंबी मला कळू नये? जन्म वेल्डिंगमधे गेला माझा.

रफिकनं बघितलं, पण हसला न्हाई. तेच जास्त झोंबलं. म्हणला, "उस्ताद, नळीत कोरडी वाळू ठासली, मग तापवून वाकवली. तुमीच शिकवलंत ना?"

शिकवलं व्हतं. मलाच तवा वाळू चाळायचा कंटाळा आलता.

बायकोनं इचारलं, "बोट कशानं भाजलं?" म्हणलं, "कामात."

बोटाला फोड आलाय. चांगला गोल हाय, कुठंच चपटा न्हाई.