रुमालाखालची यादी

शहादा, ता. ९ जानेवारी

सौ. स्वप्नालीस (मशीन काहीही म्हणो, 'सौ.' अजून लागू आहे),

इकडे सर्व ठीक. तुळशीला पाणी घालतो. माझी भाकरी मांजरही हुंगून सोडतं. नवापूरला माहेरी थंडी कशी आहे? भाग्येशभाऊंचा राग उतरला का?

चूक माझी नाही, हे आधी लिहून ठेवतो. आपल्या वधूवर मंडळाची यादी तीन संगणकांवर एकाच वेळी उघडी असते. तिची प्रत काढायची तर तिघांनीही ती बंद करावी लागते. मी रोज संध्याकाळी ओरडायचो, "बंद करा!" पलीकडच्या संगणकावरच्या भिकुबाई म्हणायच्या, "बंदच शे ना भाऊ, वर रुमाल टाकेल शे."

पडद्यावर रुमाल. खाली यादी टक्क जागी.

मशीन रोज सांगायचं, 'यादी वापरात आहे, प्रत निघाली नाही.' मी रोज न वाचता 'ठीक आहे' दाबायचो. दोन वर्षं. (चूक थोडी माझी आहे.)

सोमवारी डिस्क गेली. धड प्रत एकच सापडली, घरच्या लॅपटॉपवर, आपल्या लग्नाआधीची. तीच चढवली. दोनशे बारा संसारी माणसं क्षणात विवाहेच्छुक झाली आणि मशीनने आपणहून सगळ्यांना स्थळं पाठवली. त्यात मीही: 'वय ४४, विधुर, स्वभाव शांत.' प्रकाशा गावच्या एका बाईंनी "मुलगा पाहायला कधी येऊ?" म्हणून घरी फोन केला, तो नेमका तू उचललास.

तू विचारलंस, "यादी घरी कशाला आणली होती?" मी म्हणालो, "सुरक्षेसाठी." खोटं. तुला वाटलं, मी अजून स्थळं बघतो. तेही खोटं.

मंडळात तिघांदेखत तुझं पान उघडायची लाज वाटायची. म्हणून एका रविवारी, तिथे चिटपाखरू नसताना, भिकुबाईंचा रुमाल उचलून यादी बंद केली. मी एकटाच, म्हणून प्रत धड निघाली. मग रोज जेवताना तुझा फोटो बघायचो. 'आवड: भांडण सोडून सर्व' असं तू लिहिलं होतंस. तेव्हा मी विश्वास ठेवला.

लग्न झालं, आणि ती यादी पुन्हा उघडावीशी वाटली नाही.

दोनशे दहा जणांची लग्नं कागदी फायली बघून पुन्हा लावली. दोन नोंदी तेवढ्या राहिल्यात. भिकुबाई म्हणाल्या, "आते मशीन राहू दे भाऊ, वहिनीले घरी लई ये."

तुझ्या नोंदीत नंबर भाग्येशभाऊंचा आहे; त्यांच्या फोनवर तुझ्यासाठी आलेलं पहिलं स्थळ वाचलंस का? वाच. रविवारी पहिल्या बसने मुलगी पाहायला येतोय. पोहे नकोत. दार तेवढं उघड.

तुझ्या होकाराशिवाय काहीही दाबणार नाही असा,
स्थळ क्रमांक एक,
नवनीत