काकूंचं टिपाड

अण्णा,

आज ऑफिसात तुमचं जुनं धोतर कामाला आलं. तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी मी इथे कॅनडात, ग्वेल्फला आलो, त्यामुळे अखेर मीही डासांच्याच मागे लागलो हे तुम्हाला कळलं नाही. एका कोरड्या देशातल्या खेड्यांसाठी आम्ही माहितीपत्रक करतोय. तिथे पाऊस नाही, तरी डेंग्यू वाढतोय. लोक टँकरचं पाणी साठवतात आणि डास त्यातच अंडी घालतात. मसुद्याची पहिली ओळ होती, आठवड्यातून एकदा साठवलेलं पाणी ओतून द्या. “सगळ्यांना मान्य?” आमच्या प्रमुख बाईंनी विचारलं. माना हलल्या. माझी हलेना.

मला शेजारच्या काकूंचं पाण्याचं टिपाड दिसत होतं. मी नववीत आहे, टँकर आठ दिवसांनी येतो, आणि तुम्ही आरोग्यसेवक म्हणून दुसऱ्या गावी तापाच्या रुग्णांचं रक्त तपासणीला घ्यायला गेलात. तुमची बॅटरी घेऊन मी ऐटीत काकूंच्या अंगणात शिरतो, “अळ्या आहेत” म्हणतो आणि टिपाड आडवं करतो. काकू ओरडत नाहीत. ओल्या मातीकडे बघत म्हणतात, “बापापरीस मोठा साहेब झालास की रं.”

संध्याकाळी तुम्ही एवढंच विचारलंत, “अळ्या व्हत्या?”

“व्हत्या.”

“मग गाळायच्या. पाण्यानं तुझं काय घोडं मारलं व्हतं?”

आपलं निम्मं पाणी तुम्ही मला काकूंकडे वाहायला लावलंत. मग धोतराचा तुकडा दुहेरी करून पाणी कसं गाळायचं, कडेला चिकटलेली अंडी काथ्यानं कशी घासायची, तेच पाणी परत भरून टिपाडाच्या तोंडाला फडकं कसं बांधायचं, ते दाखवलंत. गावातल्या काही घरांत पाण्याला तुमचा हात चालत नसे. तिथे तुम्ही उंबऱ्याबाहेरून सांगायचात आणि घरातल्या बाया करायच्या. तुम्हाला काय वाटत असेल, ते कधी बोलला नाहीत. पण तुमची फेरी चुकली तरी त्या बाया गाळत राहिल्या.

ते सगळं मी आज मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. ओता म्हणालात तर बाया दारातूनच परत पाठवतील, हेही. बाईंनी मसुद्यातली ती ओळ खोडली. मग म्हणाल्या, “पहिली ओळ तूच लिही. आधी चार गावांत करून बघू.”

घरी आलो तर लेक मागच्या अंगणातून हाका मारतेय. “बाबा, कम सी. तुझ्या विंटर टायर्समध्ये थिंग्ज आर स्विमिंग.” बर्फाच्या दिवसांसाठीच्या, उघड्यावर ठेवलेल्या टायरांत पाणी साचून अळ्या वळवळत होत्या. “अँड दिस इज युवर जॉब?” ती हसत सुटली. मीही हसलो. इथे पाणी ओतून चालतं. आम्ही दोघांनी मिळून ओतलं.

आता बुद्धवंदना झाली, मेणबत्ती अजून जळतेय. हा कागद घडी करून वंदनेच्या पुस्तकातच ठेवीन. पहिली ओळ मी लिहिली आहे, आधी झाकण काढून नीट बघा. ती का सुचली, हे बाईंना सांगितलं नाही. अण्णा, काकूंच्या टिपाडात मी बॅटरी मारलीच नव्हती.