आईनं बांधलेली बॅग

अरुणा,

मी फोर्टला तिकिटांच्या एजंटकडे चाललोय. यायला संध्याकाळ होईल. भात करून ठेवलाय, थोडा करपलाय, वरवरचा घे.

तुझ्या दादानं मस्कतहून पाठवलेली दोन्ही तिकिटं सवलतीची आहेत. गेलो नाही तर पैसे बुडाले. काल मी एजंटशी भांडलो. म्हटलं, बायको गेली माझी, आता कसलं विमान? तर म्हणतो, "काका, मृत्यूचा दाखला आणा, त्यांचे पैसे परत मिळतील. तुमचे नाही मिळणार." जिवंत माणसाची फक्त तारीख पुढे ढकलता येते म्हणे. म्हणून दाखला घेऊन चाललोय. रविवारी तुझ्या आईचं पुण्यानुमोदन झालं की एकटाच जाऊन नातवाला बघून येईन. नाहीतर तेही तिकीट फुकट जायचं.

तू एक काम कर. एका तिकिटावर वीसच किलो सामान नेता येतं, आणि तुझ्या आईनं दोघांचं मिळून चाळीस किलो बांधून ठेवलंय. सकाळी बॅगेची सुतळी सोडायला बसलो होतो, पण तिनं मारलेल्या गाठी मला सुटेनात. तू सोड, कात्री लावू नकोस. मसाला, कुरडया, बाळाच्या गोधड्या, सगळं राहू दे. मसाल्याच्या बरणीला तिनं तिची जुनी साडी गुंडाळलीय, तीही काढू नकोस.

वजन जास्त भरलं तर माझे कपडे काढ.

बाबा