सहा कात्र्यांची किंमत

ता. ४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोहोचलो. माझी बॅग पोहोचली नाही. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू आधी ओरडतेस आणि मग ऐकतेस. पत्रात निदान क्रम उलटा होतो.

विमानतळावर सामानाचा पट्टा फिरत होता. एकेकाची बॅग येत होती, एकेक जण निघून जात होता. शेवटी पट्ट्यावर एक लहान मुलाची छत्री आणि बाजूला मी, असे दोघेच उरलो. थोड्या वेळाने छत्रीलाही कोणीतरी न्यायला आलं. जावई बाहेर ताटकळला असेल म्हणून मी तसाच निघणार होतो, पण प्रवासभर माझ्या खांद्यावर घोरत आलेल्या गृहस्थांनी मला अडवलं. ते म्हणाले की एकदा दाराबाहेर पडलात की बॅग होती हेच कोणी मानणार नाही. आधी खिडकीवर तक्रार लिहून द्या, तिचा नंबर घ्या आणि तिकिटाला चिकटवलेली ती बॅगेची चिठ्ठी जपून ठेवा. खांद्याचं भाडं वसूल झालं.

बॅगेत काय होतं ते तुला माहीतच आहे. आपली पोर डावखुरी. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सलूनमध्ये उजव्या हाताच्या कात्र्या चालवून तिचा अंगठा सुजतो. आता स्वतःचं सलून उघडते आहे, तर वर्षभर फावल्या वेळात तिच्यासाठी डाव्या हाताच्या सहा कात्र्या घडवल्या. विमानात हातातल्या पिशवीत कात्री नेऊ देत नाहीत, म्हणून त्या बॅगेत घातल्या आणि माझ्या जुन्या चपला मात्र छातीशी धरून आणल्या. पोरीने त्या चपला माझ्या हातातून घेऊन दाराशी नीट लावून ठेवल्या. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

सलून नीटस आहे. दोन खुर्च्या, दोन आरसे, आणि डोकं धुवायचं एक भांडं, ज्याचा नळ गिऱ्हाइकाआधी मालकिणीला भिजवतो. पाटी अजून भिंतीला टेकवून ठेवली आहे. पोर म्हणते की पहिला केस कापीन तो बाबांच्या कात्रीने, तोवर उद्घाटन नाही. जागेचं भाडं मात्र सुरू झालंय.

तू जावयासाठी विणलेला स्वेटरही त्याच बॅगेत होता. ही बातमी त्याने फार धीराने घेतली. मी सध्या त्याचेच कपडे घालतो. तो ताडमाड असल्यामुळे माझे पाय अर्ध्या विजारीतच संपतात.

लोभ आहेच, तो वाढू दे. त्याला वजनाची मर्यादा नाही.

तुझा,
धाकटा


ता. ११ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी ओरडले आणि मग पुन्हा वाचलं. चपला छातीशी धरणारा माणूस आमच्या घरात कसा जन्मला, हे आईला विचारायचं राहून गेलं.

आता नीट ऐक. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेची बॅग अशीच चार दिवस उशिरा आली होती. ती सांगते की तोवर जे नडीचं सामान विकत घ्यावं लागतं, त्याचे पैसे विमानवाले देतात, फक्त पावत्या हव्यात. तेव्हा दोन सदरे, दोन विजारी, दाढीचं सामान, सगळं घे आणि पावत्या जप. काटकसर करू नकोस. तुला सांगून उपयोग नाही, तरी सांगते.

दादाला सांगितलं. त्याने मान वर न करता म्हटलं की बॅगेत लोखंड होतं, विमान हलकं झालं असेल. तू वेगळं दुकान थाटल्यापासून त्याचं हे असंच. समोरासमोर दोन दुकानं, मध्ये रस्ता, आणि तो ओलांडणारी एकटी मी. तो गिऱ्हाइकांना अजून सांगतो की धाकट्याच्या कात्रीने लोणी कापलं गेलं तरी खूप. पण मी उठताना त्याने विचारलं, सापडली का. मी म्हटलं, अजून नाही. चौकापर्यंत पोहोचले तर मागून हाक मारून पुन्हा तेच विचारलं. वय झालं म्हणायचं.

स्वेटर दुसरा विणायला घेतला आहे, जावयाला सांग. मापं तीच.

आठवण काढत जा, पण कामं टाकून नको.

ताई


ता. २९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तोवर मी जावयाच्या कपड्यांत रुळलो होतो. दाढीचं ब्लेडही त्याचंच. पावती एकही नाही. विमानकंपनीने लेखी कळवलं की नडीचा खर्च शून्य, सबब भरपाई शून्य. आयुष्यात पहिल्यांदा पैसे न खर्चून माझं नुकसान झालं. पोर हसत होती. हसली हे बरं झालं.

आता मुद्द्याचं. बॅग हरवली असं त्यांनी अखेर मान्य केलं. तक्रार खात्यात एक मधाळ साहेब आहे. प्रत्येक वाक्याआधी तो आम्ही समजू शकतो असं म्हणतो आणि नंतर काही समजल्याचं दिसत नाही. त्याने प्रथम वजनावर पैसे सांगितले, किलोला इतके. मी म्हटलं की कात्र्या वजनावर भंगारवाला घेतो, आणि तोसुद्धा आधी चहा विचारतो. मग त्याने बिलं मागितली. स्वतः घडवलेल्या वस्तूचं बिल कोण कोणाच्या नावाने फाडणार? तर म्हणे बिल नाही त्या वस्तूला किंमत नाही. मी त्याला विचारलं की लहानपणी आईच्या हातचं जेवलास त्याची बिलं ठेवली आहेस का. तो पुन्हा म्हणाला, आम्ही समजू शकतो.

पण आवाज जरा बदलला होता. असा आवाज मी दुकानात ओळखतो. गिऱ्हाईक निघायचं सोडून खुर्ची ओढतं तेव्हाचा तो असतो. मी नेट लावला. शेवटी तो म्हणाला की याच धंद्यातल्या दुसऱ्या कारागिराकडून किंमत लिहून आणा, बघू.

ताई, आपल्याकडे हाताने कात्री घडवणारे दोघेच उरलेत. त्यातल्या एकाची बॅग हरवली आहे.

सोबत सहाही कात्र्यांची चित्रं काढून मापं लिहिली आहेत. दादाला दाखव. मिनतवारी करू नकोस, माझ्यासाठी मागतो असंही सांगू नकोस. पोरीसाठी सांग. वजनावर पैसे मिळाले तर त्यात डाव्या हाताची एकसुद्धा कात्री येणार नाही, आणि तिचं सलून काही महिने पाटी भिंतीला टेकवूनच राहील. तो भाऊ आहे हे मी साहेबाला सांगून टाकलं आहे. आमचं बोलणं नाही हेही सांगितलं, म्हणजे त्याला किंमत वाढवल्याचा संशय नको.

लोभात तूट नसावी.

धाकटा


ता. ८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

दादाचा कागद फोटो काढून पोरीच्या मोबाइलवर पाठवला होता, तो मिळाला असेलच. आकडा पाहून मला वाटलं, एखादं शून्य चुकून जास्त पडलं. विचारलं तर म्हणाला की मला शून्य शिकवू नकोस.

पण खरी गंमत पुढे झाली. मी दुकानात बसले होते आणि तुझ्या मधाळ साहेबाचा फोन आला. दादाला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन स्पीकरवर असतो आणि अर्ध्या गल्लीला त्याचे सगळे व्यवहार कळतात. साहेबाने गोडीत विचारलं की सख्ख्या भावासाठी किंमत जरा चढवून लिहिली असेल, नाही का.

झालं. हातोडा खाली ठेवून दादाने त्याला जे फैलावर घेतलं! भावासाठी मी एक पैसा चढवणार नाही, हवं तर गल्लीत कोणालाही विचारा, असं म्हणाला. मग डाव्या हाताच्या कात्रीत पाती उलटी बसवावी लागतात, नेहमीचा साचा चालत नाही, प्रत्येक पातं हाताने कसं वळवावं लागतं, असं पोलादापासून सुरुवात करून सगळं ऐकवलं. साहेब बिचारा समजू शकतो म्हणायलाही जागा शोधत होता. शेवटी त्याने एवढंच विचारलं की तुमच्या भावाचं काम इतकं चांगलं आहे हे तुम्हाला कशावरून माहीत.

दादाने खणाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग फोन तोंडाशी नेऊन जरा हळू म्हणाला की त्याची एक कात्री माझ्या खणात आहे, मी तीच वापरतो.

फोन स्पीकरवरच होता, हे त्याच्या लक्षात नंतर आलं. समोरचा इस्त्रीवाला इस्त्री तशीच कापडावर ठेवून ऐकत होता. कोणाचा तरी सदरा गेला.

मला काय झालं होतं ते तुला कळेल.

ताई


ता. १९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पैसे आले. दादाने लिहिलेले पुरे, एक छदामही कमी नाही. साहेबाने फोन करून सांगितलं आणि शेवटी भीतभीत विचारलं की त्याच्या बायकोला शिवणाची कात्री हवी आहे, कोणाकडून घ्यावी. मी दादाचा पत्ता दिला.

माझी कात्री दादाच्या खणात कशी पोहोचली ते मला आता उमगलं. दोन वर्षांपूर्वी कोपऱ्यावरचा सलूनवाला आला होता, आणि मी सांगितला तो भाव गुपचूप देऊन गेला. घासाघीस न करता कात्री घेणारा सलूनवाला जगात नसतो. मी स्वतःला इतका तिखट कानाचा म्हणवतो, आणि पैसे कोणाचे खुळखुळले ते मला ऐकू आलं नाही.

दादाला पत्र लिहायला बसलो. चार कागद फाडले. आभार मानले तर तो पत्र परत पाठवील. म्हणून व्यवहाराचं लिहिलं: विमानकंपनीचे सगळे पैसे आगाऊ पाठवतो आहे, त्या चित्रांप्रमाणे डाव्या हाताच्या सहा कात्र्या घडवून द्याव्यात, भाव आपणच लेखी सांगितलेला. मी एकट्याने पुन्हा घडवायच्या म्हटलं तर वर्ष जाईल, आणि पोरीला भाडं भरायचं आहे. तेवढं पत्र रस्ता ओलांडून देशील ना?

दुसरा स्वेटर आला. पेटीवर पत्ता इतका ठळक होता की हरवायची सोयच नव्हती. जावई तो घालून बसला आहे आणि घाम पुसतो आहे.

लोभ आहे तिथेच राहो, तो कोणाकडे सोपवायची वेळ येऊ नये.

धाकटा


ता. २७ एप्रिल

धाकट्यास आशीर्वाद.

ऑर्डर आणि पैसे मिळाले. भाव मीच सांगितलेला असल्यामुळे कमी करता येत नाही, नाहीतर केला असता. पोरीला सांग, पाटी पुसून ठेव.

डाव्या हाताची कात्री मी कधी घडवली नाही. तुझ्या चित्रावरून दोन पाती ठोकून पाहिली, दोन्ही वाया गेली. उलट्या पात्याचा कोन कागदावर कळत नाही, तो समोर बसून दाखवावा लागतो.

तेव्हा लगेच निघ. हातात चपला आण, बाकी काही आणू नकोस. तुझा जुना हातोडा अजून इथे खिळ्यालाच टांगलेला आहे.

दादा