डब्याची ताटी

बाबा, गेल्या आठवड्यापासून घरात एकच चर्चा चालली आहे आणि ती ऐकून ऐकून माझं डोकं उठलं आहे, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायचा तर मला आधी तुमची खाकी टोपी आठवावी लागते, मग तिच्याखाली हळूहळू तुम्ही येता. गोष्ट अशी की माझ्या नातवाने, म्हणजे तुमच्या पणतूने, एक डबा विकत घेतला आहे. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचा. आत दोघं-तिघं निजतील एवढी गादी, छोटासा ओटा, भिंतीला घडीचं टेबल. सुट्टीत जंगलाबिंगलाकडे न्यायचा, उभा करायचा आणि त्यात राहायचं. हौसेने डब्यात राहणारी माणसं मी या वयात पाहिली. आणि वाद काय, तर या डब्याला एसी बसवायचा की नाही. नातू म्हणतो, कशाला बसवायचा, आपण झोपायलाच तर आत जाणार. त्याचा मित्र म्हणतो, एसी आला की जनरेटर आला, जनरेटर आला की त्याची घरघर आली, मग जंगलात जायचंच कशाला. कोणी म्हणतं वजन वाढेल, कोणी म्हणतं छताला भोक पाडलं की पावसात गळेल. सगळे आपापल्या जागी बरोबर. मी कोपऱ्यात लसूण सोलत ऐकत होते. मग नातू म्हणाला, "आणि रात्री तर गारच असतं की," आणि माझा हात तिथेच थांबला.

हे वाक्य तुमचं आहे. त्याने तुम्हाला पाहिलेलंसुद्धा नाही, तरी ते त्याला कुठून मिळालं कोण जाणे.

तुम्हाला खात्याने रूळ दिला तेव्हा इंझोरीत मामाच्या घरी केवढं कौतुक झालं होतं. रूळ म्हणजे सडक दाबायचं वाफेचं इंजन, आणि त्याच्यामागे साखळीने जोडलेला तुमचा राहायचा डबा. आपण तेव्हा अकोला जिल्ह्यातले. कामरगावच्या बाजूला सडक चालली होती आणि तुम्ही निरोप पाठवलात की बायकापोरांना घेऊन या, इथे सरकारी घर आहे. आई, मी आणि कडेवरचा धाकटा असे आम्ही बैलगाडीतून आलो. मी दुसरी पास झाले होते. उन्हाळा संपला की परत इंझोरीला जाऊन तिसरीत बसायचं, असं आईचं आणि तुमचं माझ्यासमोर ठरलं होतं. सरकारी घर म्हणजे हा डबा. चारी बाजूंनी पत्रा, वरही पत्रा, खाली फळ्या, एक दार आणि ओंजळीएवढ्या दोन खिडक्या. तुम्ही मात्र नवरदेव मिरवावा तसा तो डबा मिरवत होतात. चाकाला तेल काय, दाराला निळा रंग काय.

त्या डब्यातली दुपार तुम्हाला माहीत नाही. मला हेच तुम्हाला सांगायचं आहे आणि हेच तुम्ही कधी ऐकून घेतलं नाही. तुम्ही दिवसभर रुळावर, आगीजवळ खरे, पण उघड्यावर, वाऱ्यात. तुमच्या पुढे गिट्टी पसरलेली, बाया पाट्यांनी मुरूम टाकतायत, पाण्याच्या गाड्या येतायत, सडकेवर पाणी ओतलं जातंय आणि तुम्ही वरून रूळ फिरवताय. इकडे डब्यात पत्र्याला बोट लावलं तर चटका बसतोय. बाटलीतलं तेल हाताला कढत लागतंय. धाकट्याच्या पाठीवर घामोळं इतकं की आई त्याला कुशीवर निजवते आणि तो झोपेतही कण्हतो. माझा घोळणा फुटतो, आई कांदा फोडून नाकाशी धरते. शेवटी ती आम्हाला घेऊन डब्याखाली चाकांच्या मधे जाऊन बसते, तर तिथे काळी जमीन खालून भाजते. आजूबाजूला धड एक झाड नाही. दूर एक मोठा निंब होता, पण डबा तिथे उभा करता येत नव्हता, कारण रुळाचा कोळसा चोरीला जाईल.

मग दिवस मावळला की तुम्ही यायचे. हातपाय धुवायचे, डब्याच्या भिंतीवर तळहात ठेवायचे, तसाच जसा इंजनाच्या अंगावर ठेवून अंदाज घ्यायचे, आणि म्हणायचे, "गार तं हाय."

"तो हात दुपारी लावा," आई म्हणायची.

"दुपारी काम कोन करीन? तुहा बाप?"

आईला काही जगावेगळं नको होतं. एक वाळ्याची ताटी. कामरगावच्या बाजारात वाळा मिळत होता, बांबूच्या कामट्या कोणीही चिरून दिल्या असत्या. ती दाराला टांगायची, वरचेवर पाणी मारायचं, वारा तिच्यातून आत आला की गार होऊन येतो. तिने हे मामाच्या गावी मालकाच्या बैठकीत पाहिलं होतं. ती तुम्हाला म्हणाली, "डबा कायचा, भट्टी हाय हे. पोरगं भाजून राह्यलं. एक ताटी लावा, नाही तं मी इंझोरीले जातो." आणि तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. तुम्ही म्हणालात, "पाहू." माझ्या आयुष्यातलं पुढचं सगळं त्या 'पाहू'वर टांगलेलं होतं, हे तेव्हा मला कळत नव्हतं. आईला कळत असावं. ती रोज तुमच्या तोंडाकडे बघायची.

तुम्ही खरंच पाहिलंत, हे मी नाकारत नाही. तुम्ही सगळ्यांना विचारलंत. कामावर देखरेख करणाऱ्या ओव्हरशेरला विचारलंत, तो म्हणाला नियमात तसं काही नाही. पाण्याच्या गाडीवाल्याला विचारलंत, तो म्हणाला, "वाळा लावसान भाऊ, पन त्याले पानी कोन पाजीन?" मिस्त्री म्हणाला, पत्र्यावर कापसाच्या पऱ्हाट्या टाका, तर तुम्हाला वाटलं की रुळाची ठिणगी उडून पेट घेईल. सगळ्या सडकेला विचारून झालं. डब्यात बसणाऱ्या आम्हा तिघांना तेवढं विचारायचं राहिलं. मधे आईने एक पोतं भिजवून दाराला लावलं होतं, तर तुम्ही ते ओढून काढलंत. "प्याचं पानी पोत्याले पाजतं? हे पानी सडकीचं हाय, सरकारचं हाय. आपल्या बापाचं नाई." प्रामाणिक माणूस म्हणून तुमचा लौकिक होता आणि त्या लौकिकाची झळ आम्हाला रोज दुपारी बारानंतर लागत होती.

शेवटी आईने एक गोष्ट मागितली. बाजाराच्या दिवशी काम बंद असायचं. ती म्हणाली, आज दुपारभर आत बसून दाखवा, मग मी बोलणार नाही. तुम्ही कबूल झालात. मी चाकाला टेकून बघत होते. तुम्ही आधी बादलीभर पाण्याने अंघोळ केली. मग उपरणं भिजवून, न पिळताच डोक्यावर घेतलं. मग आत जाऊन दारातच बसलात, पाय बाहेर सोडून. जरा वेळाने उपरणं वाळलं तेव्हा बाहेर आलात आणि म्हणालात, "सहन होते. उगाच चोचले पायजेत बायकायले." बाबा, तुम्ही स्वतःच्या डोक्याला ताटी बांधून डब्याला ताटी नको असं ठरवलंत. मला आजही हसू येतं आणि त्या हसण्याने माझं तोंड कडू होतं.

आपल्याकडे तिरडीलाही ताटीच म्हणतात. आईने गाठोडं बांधता बांधता एवढंच म्हटलं, "जित्तेपनी ताटी देत नाई, मेल्यावर बांधसान." तिने आम्हा दोघांचे कपडे गाठोड्यात घातले होते. तुम्ही माझा परकर त्यातून काढून माझ्या हातात दिलात. "पोरगी राहू दे. भाकरी कोन टाकीन?" आई तुमच्याशी भांडली, मग रडली, मग तिने धाकट्याला उचलून कडेवर घेतलं. पोरगा तापाने फणफणत होता. तिने एकाला वाचवायचं ठरवलं. मी तिला दोष देत नाही असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, आता तुम्हाला खोटं कशाला सांगू, दोष दिला. पण तिला थोडा आणि तुम्हाला पुष्कळ. ती गाडीत बसून गेली आणि मी त्या दुपारी डब्यात तुमच्यासाठी पहिली भाकरी टाकली. वर पत्रा, खाली चूल. तिसरीत मी कधी बसलेच नाही. पावसाळ्यात नेतो म्हणालात, पावसाळ्यात रूळ किन्हीराजाकडे गेला आणि मीही त्याच्यामागे ओढली गेले.

आई गेल्यावर काही दिवसांनी मोठे साहेब सडक बघायला येणार असा निरोप आला. तेव्हा तुमची जी धावपळ उडाली ती मी पुन्हा कधी पाहिली नाही. साहेबांनी दुपारी विसावायचं कुठे, तर आपल्या डब्यात. आपली अंथरुणं, भांडी, माझी बाहुली, सगळं चाकांखाली गेलं. आणि मग विश्रामगृहातून बैलगाडीवर घालून ती आली. ताटी. उंच, दाट, नव्या वाळ्याची. तुम्ही ती स्वतः दाराला टांगलीत, तारेने आवळलीत, दोनदा मागे जाऊन सरळ आहे का ते पाहिलंत. पाण्याची गाडी डब्याजवळ लावून घेतलीत. मला बाहेर उभं केलंत, हातात तांब्या दिलात आणि सांगितलंत की वाळू द्यायची नाही, एकसारखं मारत राहा, आवाज करू नको.

"हे पानी सडकीचं हाय ना?" मी विचारलं. मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"साहेब सरकारच हाय," तुम्ही म्हणालात.

त्या दुपारी मी उन्हात उभी राहून ताटीवर पाणी मारते आहे. आत साहेब घोरताहेत. वाळ्याचा वास सुटला आहे, ओल्या मातीचा आणि त्याहून गोड, आणि तो सगळा आत चालला आहे. माझ्या पायाखाली चिखल झाला आहे तेवढाच काय तो मला गारवा. माझ्या मनात येतं, आई अजून चार दिवस थांबली असती तर तिने हे पाहिलं असतं. बरं झालं नाही थांबली. साहेब उठले, चहा प्याले, म्हणाले, "वा, डबा मस्त आहे, अगदी घरासारखा." तुमची मान वर झाली ती आठवडाभर खाली आली नाही. जो येईल त्याला सांगत होतात, साहेब म्हणाले घरासारखा. संध्याकाळच्या आत ताटी उतरवून परत गाडीवर चढवायची होती. तुम्ही तारा सोडायला आलात तेव्हा मी ताटीला तोंड लावून उभी होते, कपाळ, गाल, सगळं ओल्या वाळ्यात खुपसून. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. तुम्ही मारलं नाहीत. माझा खांदा धरून मला बाजूला केलंत आणि फार मायेने म्हणालात, "ओल लागीन बाई. सर्दी होईन."

मारलं असतंत तर मी केव्हाच विसरले असते.

आई तुमच्याकडे परत आली नाही. दिवाळीला आपण इंझोरीला जायचो, तुम्ही ओसरीवर बसायचे, ती आतून चहा पाठवायची. माझं लग्नही तुम्ही रुळावर बसूनच ठरवलंत, आणि तेव्हाही सगळ्या सडकेला विचारलं असेल. तुम्ही गेलात तोही उन्हाळा होता. अंगणात हिरवे बांबू आणले, बांधायला सुरुवात झाली. आई माझ्या शेजारी उभी होती, डोळे कोरडे. हळूच म्हणाली, "ह्यायच्या ताटीले वाळा लावा म्हना." मला हसू फुटलं आणि मी पदर तोंडात कोंबला. बायकांना वाटलं लेकीला हुंदका आवरेना. त्यांनी मला जवळ घेतलं.

तर नातवाला मी म्हटलं, दुपारी एक वाजता त्या डब्यात जाऊन बस. दार लावून. डोक्यावर ओला रुमाल घ्यायचा नाही. तो हसला, पण गेला, घरासमोर उन्हात उभ्या असलेल्या त्याच्या डब्यात. बाहेर आला तेव्हा लालबुंद झाला होता. त्याची बायको बाळाला घेऊन दारात उभी होती. तिला म्हणाला, "मी तर गाडी चालवणार. दुपारी आत तुम्ही दोघं असणार. तू ठरव." एवढं सोपं होतं, बाबा. मी आत निघून आले, कारण मला त्या पोराचं कौतुक वाटलं नाही, त्याच्या बायकोचा हेवा वाटला, आणि ते तोंडावर दिसलं असतं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. तुमचा पत्ता असता तरी कागद तुम्ही संध्याकाळी वाचला असता. फक्त एक सांगून थांबते. माझ्या खोलीत मुलाने एसी लावून दिला आहे आणि मला तो मुळीच सोसत नाही. गुडघे धरतात. सूनबाई रोज म्हणते, बंद करा ना आई, गोधडी घेऊन कशाला बसता. मी ऐकत नाही. बारा वाजले की लावतेच. आताही चालू आहे, बोटं आखडली आहेत म्हणून अक्षर असं येतंय, आणि सकाळपासून नाक वाहतंय. सर्दी झाली आहे, बाबा. बंद करणार नाही.