ओर्सा असं बोलत नाही

१४ फेब्रुवारी २०२३, मंगळवार

शी! वीस वर्षं वाट पाहिली ती ह्याच्यासाठी?

'राखमुकुट' खेळाचा दुसरा भाग आज आला. दात दुखतोय असं सांगून चष्म्याच्या दुकानातून सुट्टी घेतली. सकाळी नऊपासून कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसले. चित्रं झकास. खेळातला पाऊस तर असा की उठून खिडकी बंद करावीशी वाटते. पण माणसं? ठोकळे! तोंड उघडलं की सूचनाफलक वाचतात.

होडीवाली ओर्सा भेटली. आमची ओर्सा! पहिल्या भागात तिच्या होडीत पाय ठेवला तेव्हा खेकसली होती — "पाय कोरडे ठेवायचे होते, तर आईच्या मांडीवरून उठलास कशाला?" आणि आज म्हणते — "स्वागत आहे, प्रवासी. तुला नदी पार करायची आहे का?"

बँकेच्या खिडकीतली बाई परवडली.

१५ फेब्रुवारी

बोतोंदचा फोन. ऑस्ट्रियात ग्रात्सच्या हॉटेलात आचारी झाला, तरी माझ्यासाठी तो धाकटा भाऊच. मागे पातेल्यांची आदळआपट. "एमे, ओर्सा आहे ना? आपल्या भाषेत कधी येणार?"

त्याला इंग्रजी येत नाही. जर्मन येतं, तेही भटारखान्यापुरतं. आणि आपल्या एवढ्याशा हंगेरियनसाठी कंपनी कशाला खर्च करेल? पहिल्या वेळीही केला नव्हता. तेव्हा 'चिचुंदरी' असं नाव घेतलेल्या कुणीतरी घरी बसून, फुकट, सगळा खेळ हंगेरियनमध्ये आणला होता. आम्ही तोच खेळलो.

ओर्साचं नवं वाक्य भाषांतर करून ऐकवलं.

"ओर्सा असं बोलत नाही," म्हणाला. फोन ठेवला.

१९ फेब्रुवारी, रविवार

तो हिवाळा आठवतोय. आई इटलीला म्हाताऱ्यांची देखभाल करायला गेली. बाबा पोलाद कारखान्यात, पाळ्या बदलत्या. मी पंधराची, बोतोंद नऊचा. तो बोलायचाच बंद झाला! पाच आठवडे, एक शब्द नाही. शाळेतून चिठ्ठ्या यायच्या. तेवढ्यात मला शेजाऱ्यांकडून हा खेळ मिळाला. शाळा सुटली की दोघं एका खुर्चीवर, अर्ध्या अर्ध्या ढुंगणावर.

एका दुपारी बाबांनी बटाटे करपवले. आम्ही गुपचूप गिळत होतो. बोतोंदने काटा खाली ठेवला आणि थेट ओर्साच्या थाटात म्हणाला, "ह्याहून वाईट मी खाल्लंय. पण तेव्हा मी मेलेली होते."

बाबा हसता हसता रडायला लागले. त्या दिवसापासून पोरगा बोलतोय तो बोलतोयच.

म्हणून मला राग आलाय! खेळ वाईट निघाला म्हणून नाही. ओर्साला असं वागवलं म्हणून.

२१ फेब्रुवारी

ठरलं. भाषांतर मी करणार. अकरा हजार ओळी. हंगेरियन भाषांतरं जमवून ठेवणारी एक साइट आहे, वीस वर्षांपासून देझ्योकाका चालवतात. सोल्नोकला रेल्वेत सिग्नलवर असतात, नियमांचा माणूस. तिथे जाहीर केलं.

काकांचं उत्तर : "मुली, सडक्या भोपळ्याला पॉलिश करून काय मिळणार? सोड नाद."

बाकीच्यांनीही टपल्या मारल्या. मारा! मी करणार.

९ मार्च

सकाळी पाच ते आठ. मग दुकान. सहाशे ओळी झाल्या. प्रामाणिक, बरोबर, मेलेल्या.

२ एप्रिल, रविवार

आज एक गोष्ट केली. ओर्सा म्हणते, "आज हवामान वाईट आहे." मी लिहिलं — "असल्या पावसात देवसुद्धा उंबऱ्यावर पाय पुसतो."

पुसून टाकणार होते. चहा करून आले. नाही पुसलं.

१० एप्रिल, ईस्टरचा सोमवार

खालच्या मजल्यावरचे यानोशकाका ईस्टरच्या रिवाजाप्रमाणे दरवर्षीसारखे अत्तराची बाटली घेऊन आले, माझ्या डोक्यावर अत्तर शिंपडलं. दिवसभर केसांना स्वस्त लिलीचा वास. त्या वासात चाळीस ओळी. त्यातली एकही इंग्रजीत नाही.

खोटं बोलतेय का मी?

११ एप्रिल

नाही. अर्थ तोच आहे. जो नदी ओलांडतो तो ओलांडतो, जो मरतो तो मरतो. फक्त माणसं माणसांसारखी बोलतात. बस्स.

२३ जुलै

उकाडा. लेचो केला, भोपळी मिरची स्वस्त आहे. साडेसात हजार ओळी. दुकानात एका बाईंना उलटा चष्मा दिला, त्यांनीही तसाच घातला!

२ सप्टेंबर, शनिवार

झालं!! अकरा हजार चौदा ओळी. साइटवर चढवलं. देझ्योकाकांनी फक्त "पोचलं" एवढंच लिहिलं.

१० सप्टेंबर

बोतोंद सुट्टीच्या दिवशी सलग नऊ तास खेळला. फोनवर नुसता खिदळत होता. "अगं एमे, ती परत आलीय! तुला ऐकू येतं का? आपली ओर्सा आहे!" मग आवाज बदलला. "बाबा असते ना, त्यांना वाचून दाखवलं असतं."

साइटवर लोक लिहितायत — जग ह्या खेळाला का शिव्या देतंय तेच कळत नाही, आम्हाला तर आवडला. एक बाई लिहिते, खेळातल्या वडिलांच्या मृत्यूच्या प्रसंगाला ती रडली. तो प्रसंग इंग्रजीत तीन ओळींचा आहे, आणि त्यातली एक "अरे नाही!" अशी आहे.

कॉलर ताठ करून दुकानात गेले.

२० सप्टेंबर

पकडले गेले. कुणा शहाण्याने इंग्रजी आणि माझं शेजारी शेजारी लावलं. चाळीस पानं! लाल रंगाने.

देझ्योकाकांनी भाषांतर काढून टाकलं. सगळ्यांसमोर लिहिलं — "ही खोटी नाणी पाडणं झालं. चिचुंदरींनी वीस वर्षांपूर्वी एक स्वल्पविराम इकडचा तिकडे केला नव्हता. त्यांच्याकडून शिका. जाहीर माफी मागा, मग बघू."

माफी! सहा महिने पहाटे उठून ज्यांच्यासाठी राबले, त्यांची? हेच लोक परवा रडत होते ना? ते अश्रू आता परत घेणार का?

माझं भाषांतर माझ्या स्वतःच्या पानावर टाकलं. वर लिहिलं : "माफी नाही. ज्याला ठोकळे हवेत त्याने ठोकळे घ्यावेत."

२३ सप्टेंबर, शनिवार

बोतोंदचा फोन. साइटवरचं भांडण त्याने वाचलंय.

"म्हणजे ती ओर्सा नव्हती. तूच होतीस."

"अरे, पण—"

"मी तुला फोन करून सांगत होतो, ती परत आली, परत आली. आणि तू ऐकून घेत होतीस!"

बाहेरच्यांना ठणकावता येतं, ह्याला नाही.

"पहिल्यातली तरी खरी होती ना?" त्याने विचारलं. लहानपणीसारखा, हळू.

"खरी. शंभर टक्के. सगळ्या देशाला विचार."

"तू स्वतः इंग्रजीतलं पाहिलंयस?"

नाही पाहिलं. कशाला पाहायचं? तो जुना खेळ आता कुठे मिळतही नाही. जे आपलं आहे ते दुसऱ्याच्या भाषेत का तपासायचं?

फोन बंद झाला होता.

३० सप्टेंबर

बोतोंद फोन उचलत नाही. आठवडा झाला.

माझी भूमिका बदललेली नाही! पण त्याला पहिली ओर्सा तरी मिळवून द्यायलाच हवी. चिचुंदरींकडून लेखी आणणार. "मी एक शब्द बदलला नाही," एवढंच. हवं तर त्यांनी त्याच कागदावर मलाही झापावं. मी सही घेऊन बोतोंदला पाठवेन.

त्यांचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. देझ्योकाकांनाही नाही. पण जुन्या भाषांतराच्या शेवटी एक ओळ आहे — "एगेरच्या ८-ब वर्गाचे आभार."

३ ऑक्टोबर

सापडले! माझ्या पानावर विचारणा टाकली होती, एगेरच्या एका दंतवैद्याने उत्तर दिलं : "मी ८-ब चा. तुम्ही ज्यांना 'ते चिचुंदरी' म्हणताय त्या आमच्या गिझी नेनी. वाय्दा गिझेला, शाळेतल्या बाई, सगळ्या पोरांच्या 'नेनी' म्हणजे मावशी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, ठणठणीत आहेत, आणि मला अजूनही मूर्ख म्हणतात."

बाई! आणि आपण सगळे वीस वर्षं ते, त्यांनी, साहेब!

फोन केला. मी भीतभीत सगळं सांगितलं — भांडण, चाळीस पानं, बोतोंद.

"कागदावर सही हवीय म्हणतेस?"

"हो, नेनी. एकच ओळ."

"शनिवारी ये. आणि तू लिहिलेलं घेऊन ये, चाळीसच्या चाळीस पानं. लाल रंगासकट."

म्हणजे झापणारच आहेत. झापू देत. उभी राहून ऐकेन, पण माफी मागणार नाही.

७ ऑक्टोबर, शनिवार

गाडीत लिहितेय, हात हलतोय.

सही मिळाली नाही. गिझी नेनींनी खाऱ्या पोगाचा-बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "मला इंग्रजी कुठे येत होतं, मुली? आयुष्यभर रशियन शिकवलं. राजवट बदलली तसं वरून फर्मान आलं, उद्यापासून इंग्रजी शिकवा. मी पोरांच्या एक धडा पुढे असायचे, तोही रविवारी पाठ केलेला. पोरं म्हणाली, बाई, हा खेळ आपल्या भाषेत करून द्या. नाही कसं म्हणू? अर्धं डिक्शनरीत सापडलं. ती होडीवाली काय म्हणते ते तर मला कधीच कळलं नाही. मग तिला माझ्या आत्याचं तोंड दिलं."

बोतोंदला सगळं सांगणार आहे. त्याआधी, सही न करता त्यांनी मला काय करायला लावलं ते लिहिते — माझी चाळीस पानं मोठ्याने वाचायला लावली. डोळे मिटून ऐकलं. दोन ठिकाणी थांबवलं आणि म्हणाल्या, "हे ढिलं आहे. अजून बदल."