कुलपांचा कारखाना, रिकामी खुर्ची आणि शिकाऊ संगणक यांविषयी

तीन वर्षांत आले ते असे: कृत्रिम बुद्धिमत्तेचा संगणक एक, मोल माझ्या दोन बांगड्या. त्याला बसायला स्टूल, स्वयंपाकघरातले, फुकट. यजमानांच्या वर्गांची प्रमाणपत्रे अकरा, मोल उरलेल्या बांगड्या. हा मृत्युपत्राचा कागद मी स्वतः आणला, घासाघीस करून.

मी, कुलूपवाल्यांची सून, मॅट्रिक पास, देवाच्या कृपेने शुद्धीवर असून, कोणाच्या दडपणाखाली नसून (दडपण आणायला घरी कोणी सापडत नाही, हे वर्गात असतात) हे लिहून ठेवते. बुधवारी माझे ऑपरेशन आहे. डॉक्टरांना विचारले, हात बसलाय ना? ते म्हणाले, रोज शिकतोय. म्हणून घाई.

१. कारखान्याचा मोठा हिस्सा मामंजींनी माझ्या नावे केला, कारण त्यांचे चिरंजीव तेव्हाही कुठल्या ना कुठल्या वर्गात नाव घालून बसलेले असत. मामंजींचा नियम असा, की नवा येईल त्याने तीन महिने किल्ल्या घासायच्या. मिस्त्रींनी पास केल्यावरच पुढचे काम. ह्यांनी तो नियम संगणकालाही लावला. त्याला हात नाहीत, म्हणून त्याच्या वतीने घासायला एक माणूस बसवला. संध्याकाळी हे संगणकाला विचारत, आज काय शिकलास? तो लिही, आज पुष्कळ शिकायला मिळाले. मिस्त्री मला म्हणाले, "वहिनी, पोरगं मालकांवर गेलंय."

तीन महिने भरत आले की संगणकाची नवी आवृत्ती येते. नवी म्हणजे नवा गडी, पुन्हा किल्ल्या. ह्यांचेही शिकलेले जुने होते, पुन्हा वर्ग. धंदा चालवणाऱ्याने जन्मभर विद्यार्थी राहावे, असे तिथे सांगतात. विद्यार्थ्याने मालकाच्या खुर्चीत कसे बसायचे, म्हणून ती रिकामी. तिच्यावर गिऱ्हाइकांच्या तक्रारींची पत्रे साठली आहेत. एका बाईच्या घराचे कुलूप उघडेना, ती बेघर असल्यासारखी बहिणीकडे राहते आहे. असेच चालले तर कारखान्यालाच कुलूप लागेल, तेही आमचेच.

२. माझा हिस्सा ह्यांना मिळावा. अट एकच: खुर्चीत बसून मिस्त्रींसमोर "इतकं शिकलो, आता वापरतो" म्हणावे, आणि त्याच दिवशी संगणकाकडून त्या पत्रांची उत्तरे लिहून घ्यावीत. पुढे शिकायला माझी ना नाही, कारखाना सुटल्यावर. न म्हटल्यास हिस्सा वन्संना. त्यांनी माझे मोठे पातेले नेले ते अजून परत केलेले नाही, पण खुर्ची दिसली की त्या बसतात.

३. प्रमाणपत्रांच्या काचा खिडक्यांना बसवाव्यात, कागद फडताळात अंथरावेत. देव्हाऱ्यातले देव माझ्या सुनेकडे जावेत. तिला सगळी स्तोत्रे येत नाहीत, पण येतात तेवढी रोज म्हणते.

इथवर वाचून दाखवले तेव्हा हे म्हणाले, "अगं, मृत्युपत्राचाही वर्ग असतो. तो कर, मग सही कर."

मी म्हटले, "मरायचा वर्ग तुम्ही करा. मी तशीच जाईन."

हे खुर्चीपाशी गेले, पत्रे उचलली. मला वाटले, बसतात. पण वर्गात उदाहरण म्हणून दाखवायला घेऊन गेले.

साक्षीदार पहिले: मिस्त्री. सही केली.
साक्षीदार दुसरे: ह्यांचे वर्गमित्र, गादीवाले. अभ्यास करून सांगतो म्हणाले. संगणक आनंदाने तयार झाला, पण शिकाऊला सहीचा अधिकार नाही, आणि सोमवारी नवी आवृत्ती येते.

स्थळ: कारखान्याचे ऑफिस, खुर्चीशेजारी. माझी सही खाली आहे. वार शनिवार, दिनांक नऊ.

वकीलसाहेब, दुसरी साक्षीदार म्हणून शेजारची शिंपीण चालेल का, ते उलट टपाली कळवा. पत्र येईपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलते. डॉक्टरांचेही तेवढे शिकून होईल.